मंगळवार कमलाबाईचे

माझे बाबा मंगळवारी आमचे नसत. तसे ते सोमवारी आणि बुधवारीही फारसे आमचे नसत, पण मंगळवारी ते कोणाचे असतात हे आम्हाला ठाऊक होतं, आणि ठाऊक असण्याचा त्रास जास्त असतो.

घाटंजीला आमच्या घराला सगळे बंगली म्हणत. होत्या दोनच खोल्या, पुढे ओसरी, वर कवेलूंचं छप्पर, आणि मागच्या अंगणात एक सीताफळाचं झाड. शेजारी चर्च. बाबा त्या मंडळीचे पाळक होते. मंडळी लहानशी, सगळ्यांची घरं सगळ्यांना माहीत, कोणाकडे कोणत्या दिवशी काय शिजतं तेही माहीत. रविवारी उपासना चालू असताना आमच्या चुलीवर मटणाचा रस्सा उकळत असायचा आणि त्याचा वास खिडकीतून सरळ वेदीपर्यंत जायचा. शेवटचं गीत मंडळी जरा घाईनेच म्हणायची. कापसाच्या दिवसांत पलीकडच्या जिनिंग कारखान्याचा घरघराट दिवसभर चाले. तिथून उडालेली पांढरी कुसं सगळीकडे येऊन बसत. आईच्या वाळत घातलेल्या पातळांवर, ओसरीतल्या पाण्याच्या रांजणावर, बाबांच्या काळ्या कोटावर. आई ती कुसं झटकायची आणि म्हणायची, "कापूस पिकते कोनाचा अन् झाडतो मी."

बाबा नगरकडचे. त्यांची भाषा स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी. आई दारव्ह्याची, तोंडाने पक्की वऱ्हाडी. मला दोन्ही येत. बाबांशी बाबांसारखं बोलायचं आणि आईशी आईसारखं, यात मला कधी अडचण वाटली नाही. माझं नाव त्यांनी करुणा ठेवलं होतं. त्या नावाची मुलगी मनात काय काय बाळगून होती, ते या प्रकरणात येईलच.

ती वर्षं वाईट होती. आजही त्या वर्षांबद्दल बोलताना आमच्याकडची माणसं आवाज खाली आणतात. कापूस हाती येईना. बोंडात अळी, पाऊस नको तेव्हा, आणि गावागावात एखादं घर असं असायचं की ज्याच्या दारात शेजारी मुकाट बसलेले दिसत. बाबा अशा घरी जात. ते तिथे उपदेश करत नसत. आमच्या मंडळीतल्या काहींना तेही खटकायचं, की पाळक एवढ्या लांब जातात आणि येशूचं नावही काढत नाहीत. बाबा जायचे, ओसरीत बसायचे, आणि बोलायला काही नसलं की उठून कामाला लागायचे. विहिरीचं पाणी ओढून द्यायचे, कडबा तोडायचे, गोठ्याची पडलेली ताटी बांधून द्यायचे. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या हाताला दोराचे वळ असत. जेवताना ते त्या त्या घरच्या मुलांची नावं घेत. कोणाला कोणता विषय जड जातो, कोणाला खोकला आहे. मला कोणता विषय जड जातो हे त्यांना विचारलं असतं तर ते थोडा वेळ भाकरीकडे बघत राहिले असते.

कमलाबाई आमच्या घरात आली ती अशी, जेवतानाच्या बोलण्यातून. तिच्या गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या घरातली माणसं अजून तिथे आहेत. घाटंजीहून काळीपिवळी जीपने जायचं आणि नाल्यापासून पुढे चालायचं, बाबा मात्र सायकलनेच जात, एवढं पुरे. तिचा नवरा फवारणी करताना गेला. पाठीवर पंप, डोक्यावर ऊन, वारा फिरला आणि औषध सगळं अंगावर. त्या दिवशी बाबा योगायोगाने त्याच गावात होते. यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला गाडीत त्यांनीच त्याला धरून बसवलं होतं, आणि तो वाटेतच, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. त्या रात्रीनंतर बाबा कितीतरी दिवस मांडी घालून बसत नव्हते, पाय लांब करून बसत. आम्हाला कारण त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मग दर मंगळवारी ते तिच्याकडे जाऊ लागले. तिला एक मुलगी होती, नंदा, माझ्याच वयाची. घरात दुसरं कोणी नाही. शेत होतं, आणि शेताला लागून दिराचं शेत. बाबांनी तिला तूर सोंगून दिली, कुंपणाला काट्या लावून दिल्या, पऱ्हाटीत, म्हणजे उभ्या कपाशीत, तण काढायच्या डवरणीच्या वेळी बैलांमागे स्वतः चालले. नगरच्या माणसाला डवरणी येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी किती झाडं मोडली हे ते घरी येऊन हसत हसत सांगत होते. आई हसली नाही.

"काय जेवले तिकडं?" तिने विचारलं.

"कमलाबाईंनी पातोडीची भाजी केली होती. फार सुरेख झाली होती, तिखटजाळ."

त्यानंतर वर्षभर आमच्या घरी पातोडीची भाजी झाली नाही. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मंगळवारी संध्याकाळी आई भाकरी थापायची तेव्हा परातीचा आवाज वेगळा यायचा, बाकीच्या दिवसांपेक्षा जोराचा. मी ओसरीत अभ्यासाला बसलेली असायची. तो आवाज ऐकून मला बरं वाटायचं. मला जे होत होतं ते आईलाही होत होतं, आणि आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हतो.

मला काय होत होतं ते सांगते. बाबांनी उन्हाळ्यात मला म्हटलं होतं, या पावसाळ्यानंतर तुला सायकल शिकवतो. त्यांची काळी, उंच, पुरुषांची सायकल होती. मी तिची वाट बघत राहिले. दसरा गेला. दिवाळी गेली. आणि एका मंगळवारी बाबा परत आले ते विजारीला वंगण लागलेलं, तळहात सोलवटलेला, आणि चेहरा असा फुललेला की जणू मंडळीत कोणाला मुलगा झाल्याची बातमीच आणली होती. "नंदाला सायकल शिकवली आज! नाल्याच्या रस्त्याला. दोनदा पडलो, दोघंही. पण तिसऱ्या खेपेला गेली की एकटी!"

माझ्या ताटात वांग्याचं भरीत होतं. मी ते बोटाने ताटाच्या कडेला सारत राहिले. बाबांनी विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, "पोट भरलं." आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती काहीच बोलली नाही याचा मला तेव्हा राग आला होता. आता, माझी स्वतःची मुलगी त्या वयातून पुढे गेल्यावर, मला वाटतं की तिला बोलायला सुरुवात केली असती तर थांबता आलं नसतं.

त्याच महिन्यात बाबांनी एका रविवारी शास्त्रातल्या प्रीतीच्या अध्यायावर संदेश दिला. प्रीती कशी सहन करते, कशी स्वतःचं पाहत नाही, आणि तिच्यात हेवा कसा नसतो. बाबा चांगलं बोलत. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई पहिल्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन, सरळ बसलेली. घरी आल्यावर तिने रश्श्याचं झाकण उघडलं, चव बघितली आणि पळी ठेवता ठेवता म्हणाली, "ज्या प्रेषितानं थे लिवलं, त्याले बायको नव्हती वाट्टे."

"नव्हती," बाबा म्हणाले.

"म्हून."

बाबा खूप हसले. त्यांना ती थट्टा वाटली.

या सगळ्यातून काही झालं नसतं, आई परात आपटत राहिली असती आणि वर्ष निघून गेलं असतं. पण एकदा आठवडी बाजारात, मिरच्यांच्या ढिगाशी, मंडळीतल्याच एका बाईने आईला सलाम केला आणि गोड आवाजात विचारलं, "पाळकसायबांचं मंगळवारचं काम लयच वाढलं म्हनतात. त्या गावात कोनी बाप्तिस्मा घेऊन राह्यलं काय?" शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या बाईने तोंडाला पदर लावला. आई म्हणाली, "देव जाने." मिरच्या न घेताच आम्ही परत आलो. वाटेत आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा ठसा माझ्या मनगटावर उमटला.

पुढच्या मंगळवारी बाबांना यवतमाळला सभेला जावं लागलं. ते सकाळच्या एसटीने गेले. आईने लगेच चर्चला नेसायचं पांढरं पातळ काढलं, मला म्हणाली, "शाळेत जाऊ नको. चाल माह्यासंग."

"कुठे?"

"तुया बाबाचं काम पाहाले."

काळीपिवळीत ती एक अक्षर बोलली नाही. नाल्यापासून चालायला लागलो तेव्हा मात्र तिचे ओठ हलू लागले. मला वाटलं प्रार्थना करते आहे. जवळ गेले तर ती बोलणं घोकत होती. "मी म्हनन, बाई, तुमालेबी लेक हाय. मी म्हनन, लोकाचा संसार..." मला पाहून ती थांबली. "तू तिथं काही बोलजो नको," म्हणाली. मी मान हलवली. माझंही बोलणं तयार होतं, नंदासाठी. ते फार मोठं नव्हतं. सायकल माझ्या बाबांची आहे, एवढंच.

कमलाबाई घरी नव्हती, शेतात होती. शेत रस्त्याला लागूनच. पऱ्हाटी छातीएवढी, अळीने अर्धी खाल्लेली, उरलेल्या बोंडांतून कापूस लोंबत होता. दोघी मायलेकी कंबरेला फडकी बांधून वेचत होत्या. मी मनात तिचं एक रूप केलं होतं, आईनेही केलं असावं. समोर एक काळीसावळी, खप्पड गालांची बाई उभी राहिली. नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर घातलेला, बोंडांच्या टोकांनी बोटं ओरबाडलेली. तिने आईकडे, तिच्या पांढऱ्या पातळाकडे पाहिलं आणि आई कोण हे तिला सांगावं लागलं नाही.

"पाद्रीनबाई होय नं तुमी?"

"हो," आई म्हणाली. "मले तुमाले काही सांगाचं हाय."

"मलेबी तुमाले सांगाचं हाय," कमलाबाई म्हणाली. "बरं झालं तुमी आल्या. मी कोनाच्या हाती निरोप धाडू हेच पाहून राह्यलती. बाई, पाया पडतो तुमच्या, तुमच्या घरधन्याले इकडं येऊ देऊ नका."

आईचं वाटभर घोकलेलं सगळं तिथेच अडकलं.

"मानूस देव हाय," कमलाबाई म्हणाली. "माह्या मालकाले त्याईनं मांडीवर घेतलं, थे मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन बाई, मी एकटी हावो. पुरुष मानूस दर मंगळवारी येते, दिवसभर राह्यते. गाव काय म्हनन? दीर म्हनते, वयनी बाटली. दिरानी म्हनते, बाटली असती तं बरं, यापेक्षा वाईट हाय. चारचौघांपुढं मले माहेरी धाडाचं चाललं हाय. मी गेली का शेत त्याईचंच. मी कोन्या तोंडानं सांगू त्याईले, का येऊ नका? एवढं करतात, हसत हसत करतात. सांगाले गेली का तोंड उघडत नाई माह्यं."

रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, गाडीवाल्याने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. मग मला तेव्हा अजिबात न कळलेली गोष्ट तिने केली. चर्चचं पांढरं पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं आणि म्हणाली, "एखादं फडकं असन तं द्या."

"कायले?"

"बाई आली तं कोनी काय म्हनन?"

कमलाबाईला समजायला क्षणभर लागला. मग तिने झाडाखालच्या बोचक्यातून एक जुनं धोतराचं फडकं आणलं आणि स्वतःच आईच्या कंबरेला बांधलं. आई रस्त्याच्या बाजूची ओळ घेऊन वेचायला लागली. मुद्दाम रस्त्याच्या बाजूची.

मला नंदाच्या ओळीला लावलं. नंदा झरझर वेचत होती, मला एक बोंड सोडवायला जितका वेळ लागे तितक्यात तिचं झाड मोकळं व्हायचं. ती माझ्यापेक्षा उंच होती. मला तिचे हात आवडले नाहीत, तिची वेणी आवडली नाही, आणि तिने माझ्या फडक्याची गाठ नीट करून दिली तेही आवडलं नाही. शेवटी मी म्हटलंच, "सायकल आमची आहे."

"माहीत हाय," ती म्हणाली. "तुया बाबाले सांग नं, मले नाई चालवाची थे. एवढी मोठी सायकल. मी पडतो, पोट्टे हासतात. माय म्हनते, साहेब एवढ्या हौसेनं शिकवतात, नाई म्हनू नको."

ज्याच्यासाठी मी भरीत ताटात टाकून उठले होते, ते हिला लोढणं झालं होतं. तिला ते आवडलं असतं तर निदान मी तिच्याशी भांडले असते. आता भांडायलाही काही उरलं नव्हतं, आणि हेवा मात्र तसाच होता, जागचा हलला नव्हता. हेव्याला कारण लागतं असं लोक म्हणतात. माझा अनुभव तसा नाही.

दुपारी झाडाखाली जेवलो. ज्वारीची भाकर, ठेचा, कच्चा कांदा. कमलाबाईने आईला विचारलं, "तुमाले काही सांगाचं होतं नं?"

आईने घास खाल्ला. "सांगाचं नव्हतं. भांडाचं होतं."

कमलाबाईने आईकडे पाहिलं आणि ती हसायला लागली, आणि आईही. दोघी इतक्या हसल्या की कमलाबाईला ठसका लागला. नंदा मला म्हणाली, माय मेल्या दिवसापासून हसली नव्हती. बाप मेल्या दिवसापासून, असं तिला म्हणायचं होतं. ती बोलताना चुकली आणि तिने ओरबाडलेलं बोट तोंडात घातलं.

बाबा दिवेलागणीला यवतमाळहून आले. आईचं पातळ मातीने भरलेलं, हात ओरबाडलेले. तिने जेवायला वाढलं आणि वाढता वाढता सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. मिरच्यांच्या ढिगाशी काय झालं तेही, आणि आपण कशाला गेलो होतो तेही. बाबांनी घास हातात धरून ऐकलं.

"म्हणजे मी पाप केलं का, सुमन?"

"पाप कायचं? काम केलं तुमी. पन तिले इचारलं कधी?"

"काय विचारायचं? तिला गरज होती."

"तिले गरज होती का तुमाले?"

आईच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून ओसरीत गेले. बऱ्याच वेळाने आई बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. खिडकीतून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. बाबांनी पाय लांब केलेले होते. "त्याचं डोकं जड होतं," ते म्हणाले. "अजून जड आहे." आईने स्वतःचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला, जिथे त्या माणसाचं डोकं होतं तिथे, आणि तसाच राहू दिला. मी खिडकीपासून मागे सरकले. त्यांच्यात मला जागा नव्हती हे मला कळलं, आणि ते मला आवडलं नाही हेही लिहून ठेवते.

पुढच्या मंगळवारपासून आई जाऊ लागली. कधी एकटी, कधी मंडळीतल्या दोघीतिघींना घेऊन. मिरच्यांच्या ढिगाशी सलाम करणाऱ्या त्या बाईलाही तिने एकदा ओढून नेलं आणि दिवसभर उन्हात वेचायला लावलं. एका मंगळवारी शाळेला सुट्टी होती म्हणून मी गेले होते, तेव्हा कमलाबाईचा दीर बांधावर आला. जाड, मिशीवाला, खांद्यावर दुपट्टा. बायका बघून तो जरा बिचकला, पण आवाज चढवून म्हणाला, "पाद्रीनबाई, आमची वयनी बाटवाले येता काय तुमी इथं?"

आईने वेचणं थांबवलं नाही. "मी कापूस वेचाले येतो, भाऊ. तुमाले वेळ असन तं या, तिकडची ओळ रिकामी हाय. तुमच्याच भावाची पऱ्हाटी हाय."

बायका हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर तो चिडला असता. सगळ्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने बांधावरचं एक ढेकूळ पायाने फोडलं आणि तो गेला. त्याने पुढेही त्रास दिला, कुंपण सरकवलं, पाण्यावरून भांडला, पण माहेरी धाडायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. कमलाबाई त्या शेतात राहिली. ती ख्रिस्ती झाली नाही. तशी हो, असं तिला कोणी म्हटलंही नाही. आई म्हणायची, तिचा देव तिच्यापाशी, माह्या देवाले काही अडचन नाई.

त्या हंगामातले मंगळवार मी आणि बाबा घरी काढले. मला हवं होतं तेच मिळालं होतं, बाबा आणि एक अख्खा दिवस, शाळेची वेळ सोडून. पण ते बाबा तसे नव्हते. ओसरीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे. माझ्याशी बोलता बोलता विचारायचे, "आता त्या जेवायला बसल्या असतील, नाही?" एकदा म्हणाले, "चल, तुला सायकल शिकवतो." मी म्हटलं, "नको." त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं नाही. दुसऱ्यावर वापरून उरलेलं मला नको होतं. पुढे मी सायकल शिकले ती शब्बीरचाचांच्या दुकानातली भाड्याची, त्यांच्या मुलीसोबत, गुडघे फोडून.

एका मंगळवारी मी शाळेतून आले तर बाबा चुलीपाशी. आई यायला उशीर होणार म्हणून त्यांनी पिठलं केलं होतं आणि भाकरी करायचा प्रयत्न केला होता. भाकरीचे तीन तुकडे, कडा जळलेल्या. आम्ही तेच खाल्लं. खाता खाता ते म्हणाले, "तुला कोणता विषय जड जातो ग?"

मी रडायला लागले. मला जड जाणाऱ्या भूमितीसाठी नव्हे. मला थांबता येईना, पिठलं घशात, नाक वाहतंय, आणि तोंडातून एकेक बाहेर येऊ लागलं. तुम्हाला त्यांच्या सगळ्यांचं माहीत असतं. तुम्ही नंदाला शिकवलं. तिला नको होतं. मला हवं होतं. तुम्ही सगळ्यांवर प्रेम करता आणि आमच्या वाटणीला येता तेव्हा दमलेले असता.

बाबांनी समजूत घातली नाही. शास्त्रातलं एकही वचन काढलं नाही, आणि त्यासाठी मी त्यांना आजही मानते. ते एवढंच म्हणाले, "तुला काय हवं आहे?"

"जाऊ नका कुठे."

"ते मला जमणार नाही, करुणा. खोटं कशाला सांगू?"

"मग विचारून जा. मला विचारून जा."

"विचारीन," ते म्हणाले.

त्यांनी शब्द पाळला. रोज सकाळी, सायकलला पिशवी अडकवली की ओसरीतून हाक मारायचे, "करुणा, जाऊ का?" मी बहुतेक वेळा जा म्हणायची. काही वेळा, काही कारण नसताना, नको म्हटलं. तेव्हा ते पिशवी काढून ठेवायचे आणि आत यायचे. एकही प्रश्न न विचारता. माझ्या नको म्हणण्याने कोणत्या गावात कोण वाट बघत राहिलं असेल याचा विचार मी त्या वयात केला नाही. ते माझ्याजवळ बसायचे, भूमितीचं पुस्तक उलटं धरून, आणि मी इतकी सुखी असायची की प्रमेय डोक्यात शिरतच नसे.

बाबांबद्दलचा हेवा तसा निवला. पण मी एका बाजूने शांत होत होते तोवर दुसऱ्या बाजूला काय चाललं आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. आई मंगळवारी परत यायची ती वेगळीच होऊन. उन्हाने काळवंडलेली, दमलेली, आणि आतून कसलासा आनंद झालेली. कमला असं म्हणाली, कमलानं असं केलं. नावातलं बाई गळून ती नुसती कमला झाली होती. वेचणी संपली तरी मंगळवार संपले नाहीत. कमलाबाई आमच्याकडे बाजाराच्या दिवशी येऊ लागली, चुलीपाशी पाय पसरून बसू लागली. आमच्या घरी पुन्हा पातोडीची भाजी झाली ती तिनेच केली, आईच्या कढईत. आईने दोन वेळा वाढून घेतली. मी म्हटलं, तिखट आहे.

बाबा गेले तेव्हा मी नागपूरला नोकरीत होते, लग्न झालेलं, मूल लहान. दफनविधी झाला, माणसं पांगली. आई तीन दिवस जेवली नाही. मी पेज केली, खिचडी केली, समजावलं, रडले, ओरडलेही. ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. चौथ्या दिवशी कमलाबाई आली. तिने काही समजावलं नाही. भाकर चुरली, दुधात कालवली, आईच्या पाठीमागे बसून तिला स्वतःच्या अंगावर टेकवलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला. आईने तोंड उघडलं. मी दारात उभी होते, हातात माझी खिचडीची वाटी. तो घास आईच्या पोटात गेला याचं मला किती बरं वाटलं ते देवाला माहीत. आणि तो माझ्या हातचा नव्हता याने काय झालं, तेही त्यालाच माहीत. मला जावं लागलं. कमलाबाई महिनाभर राहिली.

आई आता थकली आहे. बंगली सोडावी लागली, घाटंजीतच दुसऱ्या खोलीत राहते. माझ्याकडे ये म्हटलं तर येत नाही. मी विचारलं होतं, नुसतं बोलावलं नव्हतं, नीट विचारलं होतं. ती म्हणाली, "माह्यं इथं मानूस हाय." नंदा लग्न होऊन पांढरकवड्याला गेली, दोन मुलांची आई आहे, तिच्या मायलाही ती बोलावते. तीही जात नाही. मध्यंतरी नंदाचा मला फोन आला होता. म्हणाली, "करुणाताई, आपन दोघी एका जागी बसून रडाले पायजे." आम्ही दोघी हसलो. आयुष्यात पहिल्यांदा मला ती आवडली.

प्रीतीत हेवा नसतो असं बाबा वेदीवरून सांगत, आणि त्यांच्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. फक्त ते माझ्या बाबतीत कधी खरं होईल याची मी अजून वाट पाहते आहे. या वयातही.

काल संध्याकाळी आईला फोन केला. बराच वेळ वाजला. तिने उचलला तेव्हा मागे भांड्यांचा आवाज, आणि कोणाचं तरी खोकत खोकत हसणं.

"आई, जेवलीस का?"

"आता बसून राह्यलो, बाप्पा. कमला आली हाय, तिले वाढून राह्यली. तू मंग कर फोन."

"मग म्हणजे केव्हा?"

"मंग म्हंजे मंग," आई म्हणाली आणि फोन ठेवायचा विसरून तो तसाच खाली ठेवला. मी कानाला लावून बसले. दोघी काय बोलत होत्या ते नीट ऐकू येत नव्हतं, नुसता आवाज येत होता. एक भाकर अर्धी केल्याचा, आणि अजून घे, नाही, तू घे, असा. माझा स्वयंपाक व्हायचा होता. मुलगी दोनदा हाक मारून गेली. मी फोन ठेवला नाही.